वखारीच्या भिंतीचे गादीवाले

जरा जवळ सरक रे बापू. पुण्याला बसून वाचत असशील तरी सरक, कारण मी बोलते तशीच लिहिते, आणि लांबच्या माणसाशी मोठ्यानं बोलायचा आता कंटाळा येतो. आणि आधी थोडं ऐकून घे. दिवाळीत आलास तेव्हा ओट्यावर बसून तू आम्हा सगळ्यांना विलायतेतल्या त्या हिरवळीवरच्या टेनिसची हकीकत सांगितलीस. पहिला कोण जिंकला, मग कोण, कोणता पाद्रीबुवा मध्येच रविवारचं प्रवचन करायला आपल्या गावी गेला आणि परत येऊन जिंकला, कोणते दोघे भाऊ वर्षानुवर्षं आळीपाळीनं बक्षीस घरी नेत राहिले, सगळं तुला तोंडपाठ. आम्ही कौतुकानं ऐकत राहिलो. पण मी विचारलं, आपल्या वखारीच्या भिंतीवर कोण कोण जिंकलं ते सांग, तर तू म्हणालास, "कोणती भिंत, आजी?"

काहून रे बाबा? सातासमुद्रापलीकडच्या पाद्र्याचं प्रवचन तुले माहीत, अन् ज्या भिंतीवर तुझ्या सख्ख्या आजोबानं गादी मिळवली ते तुले माहीत नाही? बरं, सगळी चूक तुझी नाही. आमीच कधी सांगितलं नाही. म्हणून आता सांगते.

माझं लग्न झालं तेव्हा तिकडे अमेरिकेत लढाई पेटली होती. अमेरिका कोणत्या दिशेला आहे हे आमच्यात कोणाला ठाऊक नव्हतं, पण तिकडचा कापूस बंद पडला आणि वऱ्हाडच्या कापसाला एकदम मान आला, एवढं शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. वलगावाकडून अमरावतीला येणाऱ्या गाड्यांची अशी रांग लागायची की पाण्याला निघालेल्या बायका घागर कमरेवर घेऊन रस्त्याच्या कडेला ताटकळत उभ्या राहत. बैलांच्या शिंगांना पितळी शेंब्या, गाडीवानाच्या डोक्याला नवा पटका. कापसाच्या त्या हंगामात आमच्याकडे कोणी हळू बोलतच नसे.

तुझ्या आजोबांचं घर शेतीचं. वलगावच्या अलीकडे काळी जमीन, बैलजोड्या, सगळं होतं. पण यांच्या बोटात एक गुण होता. कापसाची चिमूट घेऊन दोन्ही हातांच्या अंगठ्यांत ओढायची आणि धागा किती लांब येईल ते सांगायचं. अमरावतीच्या एका वखारवाल्या शेटजींनी ते पाहिलं आणि कापूस पारखायला यांना ठेवून घेतलं. मग आम्ही वखारीला लागूनच असलेल्या घराच्या माडीवर राहायला आलो. माझ्या सासऱ्यांना, मामाजींना, ते मुळीच आवडलं नाही. ते चारचौघांत म्हणायचे, घरच्या वावरात पांढरं सोनं पिकून राहिलं, अन् माझा पोरगा लोकायचा कापूस चिमटीत धरून बसला.

मला मात्र ती माडी फार आवडली. कारण सांगते. माडीच्या खिडकीतून वखारीचं अंगण दिसे, आणि अंगणात कापसाच्या गाठी रचलेल्या असत. प्रत्येक गाठीवर काळ्या शाईनं व्यापाऱ्याच्या नावाचं पहिलं अक्षर काढलेलं. मला अक्षर ओळखता येत नव्हतं. जेवायला वाढताना मी यांना विचारायची, ती कोपऱ्यातली, पोट पुढे काढून बसल्यासारखी दिसते ती कोणती? हे म्हणायचे, तो ब. दुसऱ्या दिवशी मी खिडकीत बसून चुलीतल्या राखेवर बोटानं ब काढायची. कोणी शाळेत घातलं नाही मला, बापू. माझी पाटी म्हणजे ते वखारीचं अंगण. कापूस आला की नवी अक्षरं यायची, गाड्या मुंबईकडे निघाल्या की अक्षरंही जायची, आणि मी आठवून आठवून राखेत काढत बसायची.

आता भिंतीकडे येते. कॅम्पातले साहेब लोक एका उंच भिंतीवर चेंडू मारून खेळत. आपले हमाल, गाडीवान जाता-येता ते बघत. हंगाम संपून वखार रिकामी झाली की तेच या लोकांनीही सुरू केलं. वखारीची मागची भिंत चांगली उंच, चुन्यानं गिलावा केलेली. अंगण चोपायला लाकडी थापी असते ना, तीच हातात घ्यायची. चेंडू कापसाचा. रुई घट्ट पिळून, वर सुतळी गुंडाळून, त्याच्यावर चामडं शिवायचं. तो तुझ्या चेंडूसारखा टणाटण उडत नसे. बेडकासारखी एक उडी मारी आणि बसे. त्या एका उडीतच दुसऱ्यानं तो भिंतीवर परत घालायचा. ज्याच्याकडून चुकला त्याचा हात गेला, म्हणजे तो डाव समोरच्याच्या नावावर.

अक्षय तृतीयेच्या दुसऱ्या दिवशी मोठा सामना व्हायचा. पहिल्या वर्षी वखारीचा काटा सांभाळणारा माणूस जिंकला. दंड असे की थापी त्याच्या हातात उलथन्यासारखी दिसे. त्याला कापसाच्या गाठीवर गादी अंथरून बसवलं आणि सगळे त्याला गादीवाला म्हणू लागले. मग असं ठरलं की पुढल्या वर्षी बाकीच्यांनी आपापसांत खेळावं, गादीवाल्यानं गाठीवर बसून पाहावं, आणि सगळ्यांना हरवून जो उरेल त्यानं शेवटी गादीवाल्याशी खेळावं. तू सांगितलंस ना, विलायतेतही गेल्या वर्षीचा जिंकलेला शेवटपर्यंत बसून राहतो म्हणून? तेव्हा मला हसू आलं होतं ते याच्यामुळे. त्यांनी आपल्याला विचारलं नाही आणि आपण त्यांना विचारलं नाही, तरी दोन्हीकडच्या माणसांना सारखंच सुचलं.

फरक एवढाच की विलायतेतला गादीवाला नुसता बसतो. आपल्याकडे माणूस नुसता बसलेला कोणाला बघवतं का? पेठेतल्या घराघरांतून त्याच्यासाठी ताट यायचं. आदल्या दिवशीचा सण, आंब्याचे दिवस. एका घरून आमरस, दुसऱ्या घरून पुरणपोळी, तिसऱ्या घरून तळलेल्या कुरडया आणि शेवयांचा शिरा. एकीचं खाल्लं आणि दुसरीचं परत पाठवलं तर ती वर्षभर तोंड फिरवून जाणार. म्हणून गादीवाला सकाळपासून खात बसे आणि उन्हं कलली की खेळायला उभा राही. मग काय होणार? काटेवाला दुसऱ्या वर्षी हरला. त्याला हरवणारा एक तरुण भिक्षुक होता, तोही पुढच्या खेपेला हरला. तो तर मध्येच सत्यनारायण सांगायला गेला होता, तिथला प्रसाद खाऊन आला, आणि इथली ताटं होतीच. लोक म्हणायचे, या भिंतीला एका माणसाचा लवकर कंटाळा येतो. ताटाकडे कोणाचं लक्ष गेलं नाही.

त्या भिक्षुकाला हरवून तुझे आजोबा गादीवाले झाले. कापूस दोन्ही हातांनी ओढायची सवय, त्यामुळे यांची थापी चटकन या हातातून त्या हातात जायची. समोरच्याला वाटे चेंडू डावीकडे पडला, आता हा चुकला, तोवर थापी डाव्या हातात. वर्षभर पेठेत यांचं नाव झालं. पण पुढचा सामना जवळ आला तसे मामाजी गाडी घेऊन आले. ओट्यावर बसून पाणी प्यायले आणि यांना म्हणाले, "हे पाय लेका, तुह्या गादीचं मीबी ऐकलं. गादी राहिली तर तू राह्य इथं. गेली तर मी गाडी जुंपतो. सूनबाईनं भांडे बांधून ठेवावे."

मी आत होते. ऐकलं आणि हातातली परात खाली ठेवली. वावराची मला भीती नव्हती रे. माझं माहेरही शेतीचंच. पण तेव्हा मला बाराखडी येत होती आणि जोडाक्षरं राहिली होती. वलगावला कोण माझ्यासाठी गाठींवर अक्षरं काढणार होतं? एकदा शेणामातीत हात गेले की राखेत काढलेलंही पुसून जाणार, हे मला पक्कं कळत होतं. सासऱ्यांपुढे बोलायची सोय नव्हती. यांना रात्रीच्या जेवणात एवढंच म्हटलं, उद्या ताटं कमी घ्या. हे म्हणाले, मी नाही म्हटलं तर शेटाणीबाईला काय वाटेल? गादीवाल्याची पंचाईत गादीवाल्यालाच ठाऊक.

त्या वर्षी पहिल्यांदाच अकोल्याहून एक गडी खेळायला आला होता. तिकडच्या एका व्यापाऱ्याकडे गाठी चढवायचं काम करायचा. उंच, वाळकुडा, शेवग्याच्या शेंगेसारखा. तो सकाळपासून एकेकाला हरवत निघाला. मधल्या वेळात विहिरीवर जायचा, ओंजळभर पाणी प्यायचा आणि निंबाखाली उकिडवा बसायचा. इकडे तुझे आजोबा गाठीवर बसून पुरणपोळ्या खात होते. मी माडीवर बायकांत बसले होते. आणखी एक ताट खाली जाताना पाहिलं आणि माझ्याच्यानं राहवलं नाही.

शेटाणीबाई शेजारीच होत्या. मी म्हटलं, बाई, एक विचारू का? आपल्या माणसाला आपण सकाळपासून चारून राहिलो आणि पाहुणा तिकडे झाडाखाली पाण्यावर बसला. उद्या अकोल्यात जाऊन तो काय सांगेल?

झालं. शेटाणीबाईंचा चेहराच बदलला. अमरावतीची इतकी बेअब्रू त्यांच्या देखत होते म्हणजे काय. त्यांनी डोईवरचा पदर सारखा केला आणि हुकूम सोडला. पुढचं प्रत्येक ताट निंबाखाली गेलं. तो बिचारा हात जोडून सांगू लागला की मले खेळायचं हाय, माय. एक म्हातारी म्हणाली, "खेळ नं बाबा, कोण नाही म्हणते? पोळी खाऊन खेळ. तुह्या मायनं तुले उपाशी धाडलं, आमी उपाशी परत धाडू का?" आईचं नाव निघाल्यावर त्यानं मांडी घातली. वाढणाऱ्या थांबेनात. आमरसाची वाटी खाली ठेवली की भरलेली. मी खिडकीतून बघत होते. दुपार सरली तेव्हा शेवग्याची शेंग बऱ्यापैकी वाकली होती. याला तू डाव म्हणशील तर म्हण. मी तर पाहुण्याला जेवू घातलं, आणि त्याचं मला अजूनही समाधान आहे.

उन्हं कलली आणि दोघे भिंतीपुढे उभे राहिले. असा सामना मी पुन्हा कधी पाहिला नाही. दोघंही पोटावर हात ठेवून उभे. चेंडू भिंतीवरून यायचा, हे त्याच्याकडे बघायचे, तो यांच्याकडे बघायचा, आणि मग कोणीतरी नाइलाजानं दोन पावलं टाकायचा. एकदा अकोलेवाल्यानं थापी उगारली आणि त्याला अशी मोठी ढेकर आली की मारायचं राहूनच गेलं. सगळी वखार हसली, तोही हसला. काटेवाला खालून ओरडला, त्याले पान द्या गा कोणीतरी.

मामाजी सुरुवातीला आपल्या गाडीवर पाठ करून बसले होते, आपल्याला या पोरखेळाशी काही घेणं नाही असे. बैल सोडलेले, वैरण टाकलेली. मग हळूहळू त्यांचं तोंड इकडे वळलं. मग ते गाडीवरून उतरले. नंतर पाहते तर सगळ्यांच्या पुढे उभे, आणि स्वतःच्याच पोराला शिव्या घालत होते. "डावीकडं पाय ना बे, डावीकडं. झोपला काय?"

खेळता खेळता दोघांचं अन्न जिरलं म्हण की काय, शेवटी शेवटी खेळ खरा रंगला. दोघांचे हात सारखे झाले. आता ज्याचा हात त्याची गादी. चेंडू जात होता, येत होता, यांची थापी उजवीकडून डावीकडे, डावीकडून उजवीकडे. मग यांनी डाव्या हातानं असा फटका मारला की मोठा आवाज झाला आणि चेंडू फुटला. चामडं जाऊन भिंतीला चिकटल्यासारखं आपटलं आणि रुई सगळी मध्येच हवेत उडाली. अंगणात पांढरी भुरभुर झाली.

मग जो गोंधळ उडाला तो काही विचारू नको. अमरावतीचे म्हणाले, चामडं भिंतीला लागलं म्हणजे चेंडू लागला, गादी आमची. अकोल्याहून त्या गड्याबरोबर आलेले गाडीवान म्हणाले, चामडं म्हणजे चेंडू असतो का? आतला ऐवज तर पोचलाच नाही. असं कधी झालंच नव्हतं, म्हणून नियमही नव्हता. शेटजी बोलायला उठले तर अकोलेवाले म्हणाले, तुम्ही वखारीचे, तुमचा न्याय नको. कोणीतरी म्हणालं, ते पांढऱ्या मिश्यांचे पाटील गाडी घेऊन आलेत ते ना अमरावतीचे ना अकोल्याचे, त्यांना विचारा. अकोलेवाल्यांनी मान डोलावली. ते यांचे वडील आहेत हे कोणी सांगितल्यावरही अकोल्याचा गडी म्हणाला, असू द्या. मघापासून शिव्या त्यालेच घालून राहिले.

मी खिडकीची कड घट्ट धरली. मामाजींना पोरगा घरी हवा होता. एक शब्द बोलले की गाडी जुंपली जाणार होती. आणि तो शब्द बोलायला लोकच त्यांना हात धरून पुढे आणत होते.

मामाजी वाकले. खाली पडलेली रुई उचलली. दोन्ही अंगठ्यांत धरून ओढली, उजेडाकडे करून पाहिली. तोंडावरचा ताठा जरा सैल झाला. "हा आपल्याच वावरातला कापूस हाय," असं हळूच म्हणाले. खरं तर ती रुई दर्यापूरकडच्या गाडीतली होती. हे मला रात्री यांनी सांगितलं. मामाजींना मात्र आम्ही दोघांनी ते जन्मभर सांगितलं नाही.

मग त्यांनी विचारलं की चेंडू कोण शिवतो. सगळे म्हणाले, गादीवाल्याच्या घरून येतो, तशीच रीत आहे.

"मंग निवाडा सोपा हाय," मामाजी म्हणाले. "ज्याच्या घरचा चेंडू फुटला, त्याचा हात गेला. पाहुण्याले गादीवर बसवा."

तुझ्या आजोबांनी थापी खाली ठेवली, पुढे होऊन अकोल्याच्या गड्याचा हात धरला आणि त्याला गाठीवर नेऊन बसवलं. अकोल्याच्या गाडीवानांनी पटके उडवले. मी आत वळले आणि बांधून ठेवलेल्या भांड्यांकडे पाहिलं. रडले नाही, पण उरलेली परात कुठे ठेवावी हे मला सुचेना.

तेवढ्यात खालून कुजबूज ऐकू आली. कोणी म्हणत होतं की म्हाताऱ्यानं बरोबर केलं, पोरगा नांगराला मिळाला. भिक्षुक म्हणाला, निवाडा खरा असेलही, पण सोयीचा आहे. मामाजींचे कान तिखट. ते गाडीकडे निघाले होते ते मध्येच थांबले. मिशीवरून हात फिरवला. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं यांना म्हणाले, "तू वर्षभर इथंच राह्य. गादी अकोल्यात गेली, ती घेऊन ये. वलगावात भिंत नाही, तिथं काय शिकशील? मी निवाडा नांगरासाठी केला असं कोणी म्हणू नये."

आणि माडीकडे मान वर करून, "सूनबाई, भांडे सोड."

बापू, मला सासऱ्यांपुढे हसायची मुभा नव्हती. पण त्या दिवशी मी खिडकीतून हसले आणि त्यांनी ते पाहिलं. त्यांनी नुसती मान फिरवली आणि बैलांना पाणी दाखवायला गेले. माणूस असा होता. स्वतःच्या तोंडानं पोरगा हरवला आणि स्वतःच्याच तोंडानं त्याला सोडून गेला, ते पेठेतल्या लोकांनी बोट दाखवू नये एवढ्यासाठी. आमच्या घरात असे हट्टी लोक आहेत म्हणूनच तुझी आजी आज हा मजकूर लिहिते आहे.

पुढच्या वर्षी यांना अकोल्यात खेळावं लागलं, कारण गादीवाल्याच्या गावात सामना असं मग ठरून गेलं. अकोल्याच्या बायकांनी अमरावतीचं उणं काढायचं म्हणून यांना असं जेवू घातलं की हे तिथंही हरले. मामाजी म्हणाले, आणखी एक वर्ष. त्याच्या पुढच्या खेपेला यांनी गादी आणली. तोवर मामाजी दर सामन्याला गाडी घेऊन हजर, आणि वावरात यांच्या धाकट्या भावानं काम उचललं होतं, म्हणून घरी परत ये असं कोणी म्हणेनासं झालं. माझी जोडाक्षरंही तोवर झाली. अवघड आकाराची गाठ एकच आली होती, 'ज्ञ'ची. ते अक्षर मी यांच्याकडून काढून घेतलं आणि पंधरवडाभर राखेत गिरवलं.

तोवर ती अमेरिकेतली लढाईही कधीच संपली होती. कापूस उतरला, वखारी रिकाम्या पडल्या, रेल्वे आली तसा माल दुसरीकडून जाऊ लागला. सामना तरीही काही वर्षं चालला. तुझ्या त्या विलायती भावांसारखेच इथंही दोघे वकिलाचे मुलगे होते, सख्खे भाऊ. ते शेवटच्या सामन्यात एकमेकांना चेंडू असे हळू देत की लोक म्हणायचे, घरी जाऊन खेळा रे. एका वर्षी पातूरचा एक शाळामास्तर जिंकला. त्यानं ताटाच्या वेळी उपास आहे असं सांगितलं. तो सलग तीन वर्षं गादीवर राहिला आणि कोणालाही फारसा आवडला नाही. ज्यानं आपल्या हातचं खाल्लं नाही त्याला टाळ्या कोण वाजवणार.

तो अकोल्याचा गडी मात्र आमचा घरचाच झाला. पुढे त्याच्या मुलीच्या लग्नात आम्ही गेलो तर त्यानं तुझ्या आजोबांच्या ताटात स्वतः आमरस वाढला आणि वाटी रिकामी होईपर्यंत हटलाच नाही. निंबाखालचं ताट मी पाठवलं होतं हे त्याला तेव्हा कळलं. तो म्हणाला, वहिनी, त्या दिवशी मी दोन दिवसाचा उपाशी होतो. पाणी पिऊन पिऊन खेळत होतो. तुमी जेवू घातलं नसतं तर मी चौथ्या हातालेच पडलो असतो. मी कपाळावर हात मारून घेतला. तुझे आजोबा इतके हसले की शेजारच्या पंगतीतले लोक वळून बघू लागले.

तर असे आपले गादीवाले. आता हे वाचून तिथल्या मित्रांना सांग, पण नीट सांग, पुणेरी करून सांगू नको. तुझे आजोबा हल्ली दुपारी ओट्यावर पडून असतात. दिसतं कमी, पण तुझ्या त्या नव्या खेळात थापीला जाळीसारखी आतड्याची तात कशी बांधतात हे मला रोज विचारून राहिले आहेत, आणि मला ते काही सांगता येत नाही. तूच येऊन ती थापी त्यांच्या हातात दे. परीक्षा झाली की तिकडे रेंगाळू नको, थेट बडनेऱ्याला उतर, टांगा करून घरी ये. निघायच्या आधी काही खाऊ नको, मी स्वयंपाक करून ठेवीन. लवकर ये, बापू.